भाड्याच्या सरकारी घरांचे अनुदान कोणत्या रकान्यात टाकणार?

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अपर मुख्य सचिव, गृहनिर्माण विभाग
मा. उपाध्यक्ष तथा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हाडा

विषय: शासकीय भाडेघरांचे भाडे व अनुदान ठरवण्यापूर्वी इंग्लंडमधील कौन्सिल घरांचा हिशेब विचारात घेण्याबाबत

महोदय,

राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात नोकरदार महिला, विद्यार्थी आणि औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांना जागा मिळाली, हे चांगले झाले. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागाच्या दुसऱ्या टप्प्यातही परवडणाऱ्या भाडेघरांचा स्वतंत्र घटक आहे. मात्र चर्चा ऐकली तर ती घरांची संख्या, जमीन आणि चटई क्षेत्र यांच्यापुढे फारशी जात नाही. पहिल्या वर्षी भाडे किती, हे कोणीही विचारतो. पंधराव्या वर्षी ते किती असेल, कोण वाढवेल, लिफ्ट बदलायची वेळ आली की पैसे कुठल्या लेखाशीर्षातून येतील, हे विचारणारे कमी. आमचे हे पत्र त्याविषयी आहे.

इंग्लंडचा दाखला देण्याचे कारण सरळ आहे. सरकारी अनुदानावर बांधलेली आणि स्थानिक संस्थेने (तिथे तिला कौन्सिल म्हणतात) भाड्याने दिलेली घरे तिथे 1919 पासून मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि या काळात अनुदान देण्याच्या जवळजवळ सगळ्या पद्धती वापरून झाल्या आहेत. बांधकामाला, व्याजाला, मजल्यांना, कुटुंबातल्या माणसांना, भाडेकरूच्या उत्पन्नाला, सगळ्याला अनुदान देऊन झाले. प्रत्येक पद्धतीने भाड्याचे काय केले, हे आज बघता येते. आमचे म्हणणे एवढेच की अनुदान किती, यापेक्षा ते हिशेबाच्या कोणत्या रकान्यात बसते, यावर भाडे ठरते. रकाना बदलला की त्याच रकमेचे भाडे वेगळे निघते, आणि भाडे ठरवण्याचा अधिकारही दुसऱ्याच्या हातात जातो.

सुरुवात तेव्हाचे मंत्री ॲडिसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1919 च्या कायद्यापासून. कौन्सिलने घरे बांधायची, तोटा झाला तर स्थानिक घरपट्टीत पौंडामागे एक पेनी बसेल एवढाच तिने सोसायचा, उरलेला सगळा केंद्राच्या तिजोरीने भरायचा. कौन्सिलचा तोटा असा आधीच बांधलेला असल्यामुळे वरचा प्रत्येक पौंड दुसऱ्याच्या खिशातला. युद्धानंतर विटा, लाकूड आणि गवंडी यांची टंचाई होती, त्यात ही अट. बांधकामाचा खर्च एका घराला हजार पौंडांच्या आसपास गेला आणि 1921 मध्ये योजना गुंडाळावी लागली. तोवर मंजूर झालेली सुमारे पावणेदोन लाख घरे तेवढी पुढे पूर्ण करायचे ठरले. मोकळ्या हाताने दिलेले अनुदान भाड्यापर्यंत पोहोचण्याआधी कंत्राटाच्या दरात कसे मुरते, त्याचे हे पहिले उदाहरण.

पुढे मंत्री चेंबरलेन यांच्या 1923 च्या कायद्याने घरामागे वर्षाला 6 पौंड, वीस वर्षे, अशी ठोक रक्कम ठरवली. 1924 मध्ये त्यांच्या जागी आलेल्या व्हीटली यांनी ती वर्षाला 9 पौंड आणि मुदत चाळीस वर्षे केली. शिवाय कौन्सिलने घरपट्टीतून वर्षाला साडेचार पौंडांपर्यंत भर घालायची. ही रचना टिकली. व्हीटली कायद्याखाली पाच लाखांवर घरे उभी राहिली. ठोक रकमेमुळे खर्च वाढला तर फटका कौन्सिलला बसायचा, म्हणून ती दर घासून घ्यायची. आणि चाळीस वर्षांची हमी असल्यामुळे कर्जाच्या हप्त्याचा एक भाग आधीच सुटलेला असायचा. तरीही ही भाडी गरिबातल्या गरिबाला झेपत नव्हती. कारखान्यातला कुशल कामगार, कारकून, ट्रामचा वाहक, असे लोक त्या घरांत गेले. झोपडवस्तीतला हमाल तिथेच राहिला. बांधकामाला दिलेले अनुदान भाडे खाली आणते, पण एका मर्यादेपर्यंतच.

ती मर्यादा कुठे येते, हे आपल्या आकड्यांत मांडून दाखवतो. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. जमीन शासनाची आणि फुकट समजू. 37 चौरस मीटर चटईचे घर, बांधकामाचा सगळा खर्च 10 लाख रुपये, 8 टक्के व्याजाने तीस वर्षांचे कर्ज. वर्षाचा हप्ता सुमारे 88,800, म्हणजे महिन्याला 7,400 रुपये. देखभाल-दुरुस्तीला बांधकाम खर्चाच्या एक टक्का धरला तर महिना 833. भाडेवसुली, कारकुनी, विमा वगैरेला 300. बेरीज 8,533. आता दर शंभर घरांत पाच घरांचे भाडे येत नाही असे धरा, काही रिकामी असल्याने, काही थकल्याने. उरलेल्या पंचाण्णव घरांनी सगळा खर्च उचलायचा, म्हणून 8,533 भागिले 0.95. उत्तर साधारण 9,000 रुपये. हे खर्चाचे भाडे.

यात आता अनुदान घालू. नव्या बांधकाम तंत्राने उभारलेल्या भाडेघरांना केंद्राकडून चौरस मीटरला 3,000 आणि राज्याकडून 2,000 रुपये मिळतात. 37 चौरस मीटरला 1 लाख 85 हजार. कर्ज 8 लाख 15 हजारांवर आले, हप्ता 6,030 वर, आणि भाडे साडेसात हजारांवर. जवळपास दोन लाखांचे अनुदान दिले आणि भाडे दीड हजाराने उतरले. त्याऐवजी व्याज 8 चे 4 टक्के केले तर हप्ता 4,820 होतो आणि भाडे सुमारे 6,270. म्हणजे व्याजाची सवलत अधिक खोल जाते. पण कोणत्याही मार्गाने देखभालीचे, वसुलीचे आणि रिकाम्या घरांचे पैसे सुटत नाहीत. घर पूर्ण फुकट बांधून दिले तरी 1,193 रुपये भाडे घ्यावेच लागते. ‘नाममात्र भाडे’ हा शब्द मसुद्यात जिथे येईल तिथे हा आकडा आठवावा. त्याखाली गेलात की दुरुस्ती बंद पडते.

व्याजाच्या सवलतीचाही इंग्लंडमध्ये अनुभव आहे. 1967 च्या कायद्याने नव्या घरांच्या कर्जाचा भार 4 टक्के व्याजाइतका राहील असे अनुदान दिले. व्याजदर साडेसहा होता तेव्हा फरक अडीच टक्क्यांचा होता. मग बाजारातले दर चढत गेले आणि प्रत्येक टक्का सरळ तिजोरीच्या अंगावर आला. अनुदानाची जोखीम कोणाकडे आहे, हे व्याज वाढल्यावर कळते. तुम्ही व्याज-सवलत देणार असाल तर ती निश्चित टक्क्यांची असावी, ‘4 टक्क्यांच्या वरचे सगळे व्याज आमचे’ अशी उघडी नसावी.

अनुदान कशावर मोजता, तेही महत्त्वाचे. 1956 च्या कायद्याने साध्या घरांचे अनुदान जवळपास संपवले आणि उंच इमारतींना वाढीव अनुदान दिले. सहा मजली इमारतीतल्या प्रत्येक घराला वर्षाला 50 पौंड, आणि त्यावर चढणाऱ्या दर मजल्यामागे 1 पौंड 15 शिलिंग जास्त (20 शिलिंगांचा एक पौंड). वीस मजल्यांचा टॉवर असेल तर घरामागे 74 पौंड 10 शिलिंग. कौन्सिलांनी अर्थातच टॉवर बांधले. लंडनच्या न्यूहॅम भागात 16 मे 1968 रोजी बावीस मजली रोनन पॉइंटचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळला, त्याच्या थोडेच आधी हे मजलावार अनुदान थांबले होते. टॉवर राहिले, त्यांच्या लिफ्टचा आणि गळतीचा खर्च पुढच्या भाड्यांत राहिला. आपल्याकडे 2008 च्या एमएमआरडीए भाडेघर योजनेत अनुदान पैशांऐवजी चार एफएसआयच्या, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकामाच्या परवानगीच्या, रूपात दिले गेले आणि बदल्यात 160 चौरस फुटांच्या खोल्या हातात आल्या. पुढे दोन-दोन खोल्या जोडून 320 चौरस फूट करून त्यांतली पनवेलजवळच्या कोन येथील घरे गिरणी कामगारांना सोडतीने विकावी लागली. बांधणाऱ्याला जे सोयीचे तेच बांधले जाते. भाडेकरू त्या गणितात येत नाही.

आता सर्वांत कमी समजलेला भाग. 1935 च्या कायद्याने प्रत्येक कौन्सिलने घरांचे एकच महसूल खाते ठेवावे असे ठरले. आधी प्रत्येक कायद्याखालच्या घरांचा हिशेब वेगळा असे. एक खाते झाल्यावर भाडे एकेका इमारतीच्या खर्चावर न ठरता सगळ्या साठ्याच्या सरासरीवर ठरू लागले. 1926 मध्ये पाचशे पौंडांत बांधलेल्या घराचा हप्ता 1960 पर्यंत महागाईने किरकोळ झालेला असतो. त्याचे भाडे थोडे वर ठेवले की 1960 मधल्या महाग घराचे भाडे खाली येते. हजार जुनी घरे प्रत्येकी 3 पौंड खर्चाची आणि हजार नवी 9 पौंडांची असतील, तर सरासरी 6. केंद्राने एक पेनी न देता नव्या भाडेकरूला 3 पौंडांची सवलत मिळाली. जुना साठा हेच मोठे अनुदान असते. ते अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून ते विकून टाकताना कुणाला वाईटही वाटत नाही.

1980 च्या गृहनिर्माण कायद्याने तेच झाले. तीन वर्षे भाडेकरू असलेल्याला बाजारभावापेक्षा 33 टक्के स्वस्तात, आणि वास्तव्य जास्त असेल तर 50 टक्क्यांपर्यंत स्वस्तात, घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. तेव्हापासून इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरे विकली गेली. कोणती घरे गेली? बागेची, दोन मजली, 1920 ते 1950 मधली, ज्यांचे कर्ज फिटत आले होते ती. उरली महाग कर्जाची आणि खर्चिक दुरुस्तीची. सरासरी काढायला स्वस्त बाजूच शिल्लक राहिली नाही. घर विकत घेणाऱ्या कुटुंबाचे त्यात भले झाले, हे आम्ही नाकारत नाही. पण मागे राहिलेल्या भाडेकरूच्या भाड्यात त्याचा वाटा आहे.

त्याच कायद्याने अनुदानाचे सूत्रही बदलले, आणि आमच्या मते संपूर्ण इतिहासातली ही सर्वांत हुशार चाल आहे. केंद्र सरकारने कौन्सिलला ‘भाडे वाढवा’ असा आदेश दिला नाही. अनुदान मोजताना फक्त असे गृहीत धरले की कौन्सिल या वर्षी भाडे अमुक इतके वाढवेल, आणि तेवढी रक्कम अनुदानातून वजा केली. कौन्सिलने भाडे वाढवले नाही तर खड्डा तिच्या खात्यात. 1980 मध्ये आठ पौंडांच्या आत असलेले सरासरी साप्ताहिक भाडे दोन वर्षांत तेरा पौंडांच्या पुढे गेले. याआधी 1972 च्या कायद्याने हेच काम हुकूम काढून करून पाहिले होते. तेव्हा डर्बीशरमधल्या क्ले क्रॉसच्या अकरा नगरसेवकांनी भाडेवाढ नाकारली आणि दंड व अपात्रता ओढवून घेतली. सूत्राविरुद्ध मात्र असे उभे राहता येत नाही. वजाबाकीवर मोर्चा कसा काढणार?

1989 च्या कायद्याने कौन्सिलचे घरांचे महसूल खाते कुंपणात घातले. एप्रिल 1990 पासून घरपट्टीतून खात्यात भर घालता येईना. आणि ज्यांचे खाते सूत्राप्रमाणे शिलकीत दिसत होते, त्यांची शिल्लक त्याच कौन्सिलच्या गरीब भाडेकरूंच्या भाडेसवलतीला वापरली जाऊ लागली. म्हणजे नोकरी करणारा भाडेकरू शेजारच्या बेरोजगाराचे भाडे भरत होता, आणि समोरच्या खासगी घराचा मालक नव्हता. ही पद्धत 2004 पर्यंत चालली. पुढे बहुतेक कौन्सिलांचे अनुदान उणे झाले, म्हणजे त्या केंद्राकडून घेण्याऐवजी केंद्रालाच देऊ लागल्या. शेवटच्या वर्षांत तर देशभराचा मिळून हिशेबही तिजोरीच्या बाजूने शिलकीत होता. नाव तेव्हाही अनुदानच.

ही वाढती भाडी लोकांनी भरली कशी? 1982-83 पासून हाउसिंग बेनिफिट, म्हणजे भाडेकरूच्या उत्पन्नानुसार भाडेसवलत, आले. अनुदान घरांकडून निघून माणसांकडे गेले. 1970 च्या दशकाच्या मध्याला घरांवरच्या सरकारी अनुदानापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त बांधकामाकडे जात होते. 2000 पर्यंत चित्र उलटे होऊन पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त भाडेसवलतीकडे जाऊ लागले. या बदलाचे समर्थन करणारे म्हणतात, पैसा नेमका गरजूला मिळतो. ते बरोबर आहे. पण त्याने भाड्यावर काय होते, ते आठवड्याच्या हिशेबात पाहा. पूर्ण सवलत मिळणाऱ्या भाडेकरूचे भाडे 10 पौंडांनी वाढले तर त्याच्या खिशातून काही जात नाही. तो तक्रार करत नाही. उत्पन्न ठरावीक पातळीवर गेले की जादा कमाईच्या प्रत्येक पौंडामागे सवलत 65 पेन्सने कापली जाई. म्हणून भाडे 10 पौंडांनी वाढले की सवलत संपण्याची उत्पन्नमर्यादा 15 पौंड 38 पेन्सने पुढे सरकते, आणि आणखी काही नोकरदार कुटुंबे त्या कपातीच्या पट्ट्यात येतात, जिथे ओव्हरटाइम केला तरी पदरात पस्तीस टक्केसुद्धा पडत नाहीत. तिसरा भाडेकरू, ज्याला सवलतच नाही, तो सगळे 10 पौंड स्वतः देतो. एकाच जिन्यावरच्या तीन दारांमागे एका भाडेवाढीचे तीन वेगळे अर्थ.

सवलतीचे बिल केंद्राच्या तिजोरीतून जात असल्याने तिजोरीला आता भाड्यावरच लगाम हवा झाला. 1990 च्या दशकात मर्यादा-भाडे आले: कौन्सिलचे सरासरी भाडे त्या रेषेवर गेले तर वरच्या भागावरची सवलत केंद्र भरणार नाही. आधी सूत्राने भाडे वर ढकलले, मग त्याचे बिल अंगावर आले तेव्हा दुसऱ्या सूत्राने ते खाली दाबले.

2002 पासून लागू झालेले भाड्याचे सूत्र मात्र आम्हाला मनापासून आवडते, कारण ते कागदावर कुणालाही सोडवता येते. एप्रिल 2000 चे राष्ट्रीय सरासरी साप्ताहिक भाडे 54.62 पौंड. त्याच्या 70 टक्क्यांना त्या परगण्याची कमाई भागिले राष्ट्रीय कमाई 316.40 पौंड, याने गुणायचे, मग खोल्यांच्या भारांकाने: एका बेडरूमला 0.90, दोनला 1.00, तीनला 1.05. उरलेल्या 30 टक्क्यांना त्या घराची जानेवारी 1999 ची किंमत भागिले राष्ट्रीय सरासरी 49,750 पौंड, याने गुणायचे. दोन्हींची बेरीज, आणि पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे वाढ. परगण्याची कमाई 300 पौंड आणि घराची किंमत 45,000 असेल, तर दोन बेडरूमचे भाडे 36.25 अधिक 14.82, म्हणजे 51.07 पौंड. जुने भाडे याच्या वर-खाली असेल तर एकदम उडी नाही. वर्षाला महागाई अधिक अर्धा टक्का, आणि त्यावर जास्तीत जास्त 2 पौंड. यात घराच्या किमतीचा भाग तीसच टक्के ठेवला, हे शहाणपण. किंमत पूर्ण लावली असती तर लंडनच्या मध्यभागी सफाई कामगाराला राहताच आले नसते. मुंबईत रेडी रेकनरवर, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरांवर, भाडे बांधण्याचा मोह होईल, तेव्हा या सत्तर-तीसची आठवण ठेवावी.

2012 मध्ये कौन्सिलांशी चालणारा केंद्राचा हा अनुदानाचा हिशेब बंद झाला. प्रत्येक कौन्सिलच्या घरांचा तीस वर्षांचा जमाखर्च मांडून, तो 6.5 टक्के दराने आजच्या किमतीत आणून, तेवढे कर्ज तिच्या माथी मारले गेले. 28 मार्च 2012 ला 136 कौन्सिलांनी मिळून सुमारे 13 अब्ज पौंड केंद्राला दिले. मोबदल्यात भाडे आता तुमचे. या मांडणीत दरवर्षी महागाईच्या थोडी वर भाडेवाढ गृहीत होती. नंतर केंद्राने 2015 पासून दहा वर्षे महागाई अधिक एक टक्का, असे जाहीरही केले. ते दहा महिनेसुद्धा टिकले नाही. जुलै 2015 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी एप्रिल 2016 पासून चार वर्षे दरवर्षी एक टक्का भाडेकपात सक्तीची केली. उद्देश एकच, भाडेसवलतीचे बिल कमी करणे. महागाई 2 टक्के धरली तर 100 पौंडांचे भाडे चार वर्षांत 112.55 व्हायचे, ते 96.06 झाले. कर्ज मात्र 112 च्या हिशेबाने घेतलेले. साडेचौदा टक्क्यांचा हा खड्डा कौन्सिलांनी कसा भरला? छपरे, खिडक्या आणि ओल यांची कामे पुढे ढकलून. दुरुस्ती ही अशी बाब आहे की तीन वर्षे कापली तरी कोणी ओरडत नाही, आणि सातव्या वर्षी भिंतीवर बुरशी दिसते.

मग 2022 मध्ये महागाई 10.1 टक्क्यांवर गेली, सूत्राने 11.1 टक्के भाडेवाढ आली असती, ती 7 वर रोखली. पुढच्या वर्षी 7.7. आता 2026 पासून पुन्हा दहा वर्षांसाठी महागाई अधिक एक टक्का. आधीचा दहा वर्षांचा शब्द कसा मोडला, हे पाहिल्यावर कौन्सिलचे लेखापाल या शब्दावर किती कर्ज काढतील?

महाराष्ट्रात नेमकी उलटी चूक झाली आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईत भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली आणि ती दशकानुदशके तिथेच राहिली. दुरुस्तीला पैसा उरला नाही, म्हणून 1969 मध्ये दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणावा लागला. ज्या सुमारास ॲडिसन यांची घरे उभी राहत होती, त्याच सुमारास वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडीच्या 207 चाळी सरकारने बांधल्या. तेव्हापासून सरासरी काढणारे एक खाते चालले असते, तर त्यांचा शून्य झालेला हप्ता आज नव्या भाडेघरांना आधार देत असता. आता त्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी रहिवाशांना 500 चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते आहे. त्या रहिवाशांना ते मिळायलाच हवे. पण शासनाच्या हाती असलेला भाड्याच्या घरांचा एक जुना साठा त्याबरोबर संपतो, हेही नोंदवावे लागेल.

म्हणून नवी भाडेघरे बांधताना आमची पहिली मागणी: कायद्याने एक राज्यव्यापी किंवा निदान मंडळनिहाय भाडेघर-खाते असावे, शासन निर्णयाने नको. जीआर दुसऱ्या जीआरने बदलतो. या खात्यातून बाहेर पैसा वळवायला बंदी, आणि यातली घरे विकायला पन्नास वर्षे बंदी. रहिवाशाला मालकी हवी असेल तर म्हाडाच्या विक्रीच्या सोडतीत त्याला प्राधान्य द्या, ते घर विकू नका.

भाड्यात दुरुस्तीनिधी वेगळ्या ओळीत दाखवा. तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला एक टक्क्याखाली नको, आणि दहाव्या वर्षानंतर दीड. सुरुवातीची दहा वर्षे फार खर्च नसतो, तेव्हा तो साठवायचा असतो. नेमका त्या काळात तो दुसरीकडे वळवला जातो. लिफ्ट, पंप, पाण्याच्या टाक्या आणि गच्चीचे जलरोधन यांचे आयुष्य आणि बदलण्याचे वर्ष प्रत्येक इमारतीच्या नोंदवहीत पहिल्या दिवसापासून लिहा. सेवाशुल्क भाड्यात मिसळू नका. भाड्यावर मर्यादा आली की वाढ सेवाशुल्काच्या दाराने आत येते; इंग्लंडमध्ये हे झाले आहे.

भाडेवाढीचा नियम आजच ठरवा. 2020 च्या केंद्रीय भाडेघर योजनेत दर दोन वर्षांनी 8 टक्के आणि पाच वर्षांत एकूण 20 टक्क्यांपर्यंत, असा नियम होता. महागाई 3 टक्के असताना हा नियम भाडेकरूला महाग आणि 7 टक्के असताना खात्याला तोट्याचा. त्याऐवजी कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेली वार्षिक वाढ ठेवा, खाली शून्य आणि वर 6 टक्के अशी चौकट घाला, आणि चौकटीमुळे राहून गेलेली वाढ पुढच्या वर्षांत वर्षाला एक टक्क्याने भरून काढण्याची मुभा द्या. शासनाला कधी भाडे गोठवायचे असेल, निवडणुकीच्या वर्षी ते वाटेलच, तर खात्याला होणारी तूट त्याच अर्थसंकल्पात भरून देण्याचे बंधन कलमातच घाला. ही एक ओळ ऑस्बोर्न यांच्या वेळी तिथल्या कायद्यात नव्हती.

गरिबांसाठी भाडेसवलत लागेलच. 1,193 आणि 6,270 या दोन आकड्यांमधली दरी घरकामाला जाणारी बाई स्वतः भरू शकत नाही. ही सवलत गृहनिर्माणाच्या खात्यातून देऊ नका. समाजकल्याणाच्या वेगळ्या तरतुदीतून द्या, म्हणजे शेजारचा भाडेकरू ती भरणार नाही. कपातीचा दर रुपयामागे तीस पैशांच्या वर नको, नाहीतर पगार वाढल्याचे लपवणेच लोकांना परवडेल. पैसे थेट भाड्याच्या खात्यात जमा व्हावेत. हातात रोख देऊन नंतर थकबाकीची नोटीस काढणे दोघांच्याही गैरसोयीचे.

खासगी भागीदाराला पंचवीस वर्षांच्या करारावर घरे चालवायला देणार असाल, तर करार संपताना इमारत कोणत्या स्थितीत परत मिळाली पाहिजे, हे मोजता येईल असे लिहा: स्लॅबची चाचणी, गळती शून्य, लिफ्टचे उरलेले आयुष्य किमान पाच वर्षे. आणि शेवटच्या पाच वर्षांत भाड्याच्या वीस टक्के रक्कम अडकवून ठेवा. विसाव्या वर्षानंतर कुणीही भागीदार गच्चीवर डांबर घालत नाही.

मसुद्यावर हरकती-सूचना मागवाल तेव्हा पुस्तिकेसोबत तीस वर्षांचा जमाखर्च आकडे बदलून पाहता येईल अशा तक्त्यात संकेतस्थळावर ठेवावा. व्याज एक टक्क्याने वाढले, वसुली 95 वरून 85 वर आली, किंवा भाडे तीन वर्षे गोठले, तर खाते कोणत्या वर्षी तुटीत जाते, हे पहिली सोडत निघण्याआधी आम्हाला आणि अर्जदारांना तपासता आले पाहिजे. सुनावणीला बोलावल्यास हा तक्ता घेऊन येण्यास आम्ही तयार आहोत.

आपले विश्वासू,
सार्वजनिक गृहनिर्माणाच्या वित्त व लेखा क्षेत्रात काम करणारे काही मराठी नागरिक